उपन्यास कशाला म्हणायचे?



आपण आज ज्या कार्यक्रमासाठी जमलो आहोत, त्याला मराठीत व्याख्यान म्हणतात. हाच कार्यक्रम सोलापुरातल्या कन्नड मंडळींनी ठेवला असता, तर बाहेरच्या फळ्यावर ‘उपन्यास’ असे लिहिले असते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींनी ‘उपन्यासं’ लिहिले असते. तो फळा काशीहून आलेल्या माणसाने वाचला, तर तो विचारील, कुठल्या कादंबरीवर बोलणार आहात? केरळातल्या माणसाला वाटेल की कुणी निबंध वाचून दाखवणार आहे. तमिळनाडूतली एखादी आजी रामायण-भागवताचे निरूपण ऐकायच्या तयारीने पुढच्या रांगेत येऊन बसेल. यांतला कुणीही चुकलेला नाही. अक्षरे तीच, संस्कृत मूळ तेच, पण प्रत्येक जण आपापल्या भाषेत बरोबर वाचतो आहे.

हा विषय अण्णांनीच दिला, असे म्हणायला हरकत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते अण्णा या वाचनालयात ग्रंथपाल होते. आजच्या भाषणाची तयारी करताना विश्वस्तांनी मला त्यांच्या काळचे एक दाखल रजिस्टर बघायला दिले. जाड पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले. दाखल क्रमांक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकार, किंमत, शेरा असे रकाने. एका पानावर तेलुगू पुस्तकांच्या देणगीची नोंद आहे. नोंद करणाऱ्या मुलाला तेलुगू वाचता येत नसावे. देणगीदाराने नाव वाचून दाखवले असेल, त्यात ‘उपन्यासालु’ हा शब्द होता. मुलगा हिंदीच्या राष्ट्रभाषा परीक्षा दिलेला असणार. त्याने ‘प्रकार’ या रकान्यात लिहिले, कादंबरी. त्यावर तांबड्या शाईची एक सरळ रेघ आहे, वर अण्णांच्या बारीक अक्षरात ‘व्याख्याने’ असे लिहिले आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात पुढचा मजकूर आहे : तेलुगूत उपन्यास म्हणजे व्याख्यान, कन्नडातही तेच, हिंदीत कादंबरी, मराठीत हा शब्द चालत नाही.

एवढा शेरा लिहून अण्णा पुढच्या नोंदीकडे वळले. त्यांना रोज शंभर पुस्तकांची देवघेव करायची होती. मी मात्र त्या शेऱ्यापाशी थांबलो. ‘मराठीत चालत नाही’ हे खरेच आहे. पण का चालत नाही? आणि मुळात एका शब्दाचे असे वेगवेगळे अर्थ झालेच कसे?

आधी मुळाकडे जाऊ. संस्कृतात ‘अस्’ हा फेकणे, टाकणे या अर्थाचा धातू आहे. त्याला ‘नि’ लागले की खाली ठेवणे, आणि त्यातून ‘न्यास’ म्हणजे ठेव. देवस्थानांचे न्यास आपल्याला माहीत आहेत. पूजेतले अंगन्यास-करन्यास माहीत आहेत. संगीतात ज्या स्वरावर येऊन आलाप विसावतो त्याला न्यासाचा स्वर म्हणतात, आणि या न्यासाची तपशीलवार चर्चा करणारा ‘संगीतरत्नाकर’ शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या पदरी राहून लिहिला. रचून ठेवणे तो विन्यास, सगळेच टाकून देणे तो संन्यास. आणि ‘उप’ म्हणजे जवळ. समोर आणून ठेवणे तो उपन्यास. म्हणजे प्रेमचंदांची कादंबरी, मठातला संन्यास आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास ही सख्खी भावंडे आहेत.

समोर ठेवायचे काय? संस्कृतात बहुतेक वेळा ती वस्तू म्हणजे बोलणे. अमरकोशाने उपन्यासाला ‘वाङ्मुख’ असा पर्याय दिला आहे, म्हणजे बोलण्याचे तोंड, प्रास्ताविक. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात मुक्त झालेला आत्मा कोणत्या रूपात असतो, यावर जैमिनी, औडुलोमी आणि बादरायण यांची मते येतात. तिथे सूत्रातच ‘उपन्यास’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ श्रुतीने केलेले निवेदन असा आहे. नाट्यशास्त्रात प्रतिमुख संधीची जी अंगे सांगितली, त्यांत उपन्यास हे एक आहे. युक्तीला धरून केलेले विधान असा त्याचा आशय. हितोपदेशात राजाराजांमधल्या तहाचे सोळा प्रकार येतात, त्यांतही एक उपन्यास आहे. शास्त्रार्थ करणारा पंडित पूर्वपक्षाचा उपन्यास करतो. या साऱ्यात गोष्ट, कथा, नायक-नायिका कुठेही नाहीत. संस्कृत पंडिताला ‘उपन्यास वाचतो आहे’ असे सांगितले असते, तर त्याला नीट बोध झाला नसता. उपन्यास हा करायचा असतो.

हे लक्षात घेतले की दक्षिणेचा अर्थ मुळाच्या किती जवळ आहे ते कळते. बोलण्याचे तोंड, मग सबंध बोलणे. तेलुगूत आणि कन्नडात उपन्यास म्हणजे भाषण, व्याख्यान. कन्नड महाविद्यालयात शिकवणारा तो ‘उपन्यासक’. बेळगाव-धारवाडकडे कॉलेजातल्या खोल्यांच्या दारांवर ही पाटी दिसते, आणि हिंदीची सवय असलेल्या डोळ्याला क्षणभर वाटते की इथे सगळे कादंबरीकारच नोकरीला आहेत. तमिळमध्ये तो व्यासपीठावरच्या पौराणिकाला चिकटला आणि उपन्यासं म्हणजे धार्मिक प्रवचन झाले. मलयाळममध्ये मांडणीचा भाग राहिला, बोलणे गळाले, आणि उपन्यासं म्हणजे लिहिलेला निबंध ठरला. या चारही भाषांत मूळ कल्पना शाबूत आहे, कुणीतरी एक विषय लोकांपुढे ठेवतो आहे.

उलथापालथ झाली ती बंगालमध्ये.

एकोणिसाव्या शतकात बंगालीत ‘उपन्यास’ हा रचलेल्या गोष्टीसाठी वापरात आला. अरबी सुरस कथांना बंगाली वाचक ‘आरब्य उपन्यास’ म्हणू लागला. आपल्याकडे त्याच कथा कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणल्या तेव्हा नाव ठेवले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. एकाच ग्रंथाच्या या दोन नावांत दोन प्रांतांचे वळण दिसते : बंगाली पंडिताने कोशातला शब्द काढला, पुण्याच्या शास्त्रीबुवांनी घरातला ‘गोष्ट’ हा शब्द घेतला. शास्त्रीबुवांना संस्कृत कमी येत होते म्हणून नव्हे; त्यांच्याइतके संस्कृत जाणणारे फार थोडे होते.

मग १८५७ च्या सुमारास भूदेव मुखोपाध्याय यांचे ‘ऐतिहासिक उपन्यास’ आले. भूदेवबाबू शिक्षण खात्यातले, शिस्तीचे, विचारी लेखक. या पुस्तकात दोन कथा आहेत आणि दुसऱ्या कथेचे नाव ‘अंगुरीय विनिमय’, अंगठ्यांची अदलाबदल. तिचा नायक कोण? छत्रपती शिवाजी महाराज. कथा सर्वस्वी काल्पनिक आहे, एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकावरून घेतलेली, आणि तिच्यात औरंगजेबाच्या मुलीचे पात्र घालून प्रेमकथा रचलेली आहे. इतिहास म्हणून तिच्यात काही घेण्यासारखे नाही. पण ज्या शब्दाला मराठीने घरात घेतले नाही, तो बंगालीत पुस्तकाच्या नावावर मिरवू लागला तेव्हा त्याच्या आत मराठ्यांचा राजा होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नव्या वाङ्मयप्रकाराला वीरनायक हवा होता आणि बंगालला तो सह्याद्रीत सापडला.

१८६५ साली बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’ प्रसिद्ध झाली आणि पुढे शंकेला जागा राहिली नाही. उपन्यास म्हणजे बंकिमबाबू लिहितात ते. बंगालीतून तो शब्द ओडिया, असमिया आणि हिंदी या शेजारच्या भाषांत गेला. भारतेंदु हरिश्चंद्रांच्या काळात काशीत बंगाली पुस्तकांची भाषांतरे झपाट्याने होत होती. पुस्तकांबरोबर त्यांच्या मुखपृष्ठावरचा शब्दही आला. १८८२ मध्ये लाला श्रीनिवासदासांचे ‘परीक्षागुरु’ आले, देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ने वाचकांना वेड लावले, आणि प्रेमचंदांना लोक ‘उपन्यास सम्राट’ म्हणू लागले. आज हिंदी माणसाला विचारले तर तो सांगेल, उपन्यास हा शुद्ध संस्कृत शब्द. शब्द संस्कृतच आहे, अर्थ मात्र कलकत्त्याच्या छापखान्यात तयार झालेला आहे. मराठी वाचक असो की हिंदी, तत्सम शब्द दिसला की आपण गृहीत धरतो की त्याचा अर्थही तितकाच जुना असणार. आजच्या भाषणात मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे, ती ही की तसे नसते.

आता आपल्या ‘कादंबरी’कडे येतो. इथे मला थोडे रेंगाळायचे आहे.

सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने एक गद्य कथा लिहायला घेतली. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. तो पोपट बोलू लागतो आणि आपली हकिगत सांगतो. त्या हकिगतीत जाबाली ऋषींनी सांगितलेली कथा, त्या कथेत महाश्वेतेने सांगितलेली आपली कथा, अशी घडी उलगडत जाते. चंद्रापीड, वैशंपायन, पुंडरीक, पत्रलेखा. जन्म बदलतात, माणसे बदलत नाहीत. एकेक वाक्य पानपानभर चालते आणि ज्या गंधर्वकन्येचे नाव ग्रंथाला आहे, ती अर्धाअधिक ग्रंथ होऊन गेल्यावर दृष्टीस पडते.

तिचे नाव कादंबरी. हे नाव बाणाने सहज ठेवलेले नाही. कादंबरी म्हणजे मद्य. अमरकोशात मद्याच्या पर्यायांत हा शब्द सापडतो. कदंबाच्या ढोलीत वारुणी प्रकटली आणि बलरामाने ती प्राशन केली, ही कथा विष्णुपुराणात आहे. त्याखेरीज कोकिळा, सरस्वती असेही अर्थ कोशकार देतात. बाणाच्या मनात कुठला होता, याचा पुरावा ग्रंथातच आहे, कारण या मुलीच्या आईचे नाव त्याने ‘मदिरा’ ठेवले आहे. आई मदिरा, लेक कादंबरी.

ग्रंथ पुरा व्हायच्या आत बाण वारला. त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, तो पुढे नेऊन संपवला. उत्तरार्धाच्या आरंभी तो सांगतो की कवित्वाच्या गर्वाने मी हे करीत नाही, कथा अर्धवट राहिल्याचे दुःख सज्जनांना होते म्हणून करतो. आणि पुढे शब्दाच्या दोन्ही अर्थांचा उपयोग करून म्हणतो की कादंबरीच्या रसाने हे सगळे लोक इतके धुंद झाले आहेत की त्यांना कसलेच भान नाही, तेव्हा मी माझे रसहीन शब्द जोडले तरी भीती नाही. बापाच्या अपुऱ्या ग्रंथाला हात लावणाऱ्या मुलाची नम्रता आणि मोठ्या ग्रंथाच्या वाचकाची धुंदी, दोन्ही त्या एका श्लोकात आली आहेत. संस्कृतात मला फार थोड्या जागा इतक्या जिव्हाळ्याच्या वाटतात.

या एका ग्रंथाचे नाव मराठीत, आणि कन्नडातही, सबंध प्रकाराचे नाव झाले. विशेषनामाचे सामान्यनाम होणे मराठीला नवे नाही. पानिपत हे गावाचे नाव, आज परीक्षेतही कुणाचे पानिपत होते. दोघांत भांडण लावणारा कळीचा नारद असतो. पण वाङ्मयप्रकाराला एका पुस्तकातल्या नायिकेचे नाव देणे ही खरोखर वेगळी गोष्ट आहे. युरोपकडे पाहा. फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज भाषांत या प्रकाराचे नाव ‘रोमाँ’, ‘रोमान’, ‘रोमान्स’ असे आहे, आणि त्याचे मूळ ‘लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या बोलीत लिहिलेले’ या अर्थात आहे. आपल्या भाषेत म्हणायचे तर प्राकृतातली रचना. इंग्रजीने ‘नॉव्हेल’ घेतले, म्हणजे नवी गोष्ट. बंगालीने मांडणी पाहिली. मराठीने आणि कन्नडाने एक आवडते पुस्तक डोळ्यांसमोर आणले आणि म्हटले, असे असते ते.

मराठीकडे दुसरे शब्द नव्हते असे नाही. बखर होती, पण बखरीचा दावा घडलेले सांगण्याचा. आख्यान कीर्तनकाराकडे गेले होते. गोष्ट लहान मुलांनाही सांगतात. लांब, रचलेले, गद्य, आणि मन गुंतवणारे असे काही दाखवायचे, तर संस्कृत शिकलेल्या मराठी माणसासमोर बाणाचा ग्रंथच उभा राहत असला पाहिजे. मुंबई-पुण्याचा त्या ग्रंथाशी संबंध पुढेही दाट राहिला. पीटर पीटरसन यांनी त्याची आवृत्ती १८८३ मध्ये मुंबईतून काढली, आणि पां. वा. काणे यांच्या टिपांसह तो ग्रंथ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला. त्यातला शुकनासाचा उपदेश आजही कॉलेजात शिकवला जातो.

पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही, कारण बाण बंगालमध्येही तितकाच लाडका होता. ताराशंकर तर्करत्न यांनी १८५४ मध्येच ‘कादंबरी’ बंगाली गद्यात आणली होती. गदाधर सिंहांनी ती पुढे हिंदीत नेली. रवींद्रनाथांनी ‘कादंबरीचित्र’ हा सुंदर निबंध लिहिला, आणि त्यांच्या वहिनीचेच नाव कादंबरीदेवी होते. म्हणजे पुस्तक होते, प्रेम होते, नाव तोंडात होते, आणि तरीही बंगालीत कादंबरी ही शेवटपर्यंत त्या एका ग्रंथाचे किंवा घरातल्या मुलीचे नाव राहिली. संस्कृत परंपरा एक असली, तरी तिच्यातून काय उचलायचे हे प्रत्येक भाषेने आपल्या गरजेने आणि योगायोगाने ठरवले.

कन्नडाची गोष्ट वेगळी. तिथे बाणाचा ग्रंथ संस्कृतापुरता राहिलेला नव्हता. सुमारे हजार वर्षांपूर्वी नागवर्माने तो चंपूरूपात कन्नडात आणला, ‘कर्णाटक कादंबरी’ या नावाने. मराठीतले गद्य लीळाचरित्राच्या रूपाने उभे राहिले ते त्यानंतर दोन-तीन शतकांनी. आणि ‘उपन्यास’ ही कन्नडातली जागा व्याख्यानाने अडवलेली. बी. वेंकटाचार्यांनी बंकिमबाबूंच्या कृती थेट बंगालीतून कन्नडात आणल्या, तरी बंगाली अर्थ कन्नडात रुजला नाही. दुसरीकडे धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते आणि तिथल्या शिकलेल्या घरांत मराठी पुस्तके वाचली जात. ज्यांना कन्नड वाचक ‘कादंबरी पितामह’ म्हणतात त्या गळगनाथांनी हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नडात नेल्या. उलट दिशेने उमा कुलकर्णींच्या भाषांतरांतून भैरप्पा आणि कारंत मराठी घरांत आले. ‘वंशवृक्ष’ किंवा ‘पर्व’ हातात घेणाऱ्या मराठी वाचकाला पुस्तकाचा प्रकार सांगणारा शब्द बदलावा लागत नाही. भाषाकुळे वेगळी, लिपी वेगळी, आणि शब्द एक. याउलट मराठी आणि हिंदी एका कुळातल्या, एका लिपीतल्या, आणि शब्द दोन.

इथे एक मोह होतो. वाटते की प्रकाराला नायिकेचे नाव दिल्यामुळे मराठीत पुस्तकांनाही नायिकांची नावे पडली असतील. मराठीतली पहिली कादंबरी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची. विधवांच्या स्थितीविषयी लिहिलेली, आणि यमुना हीच तिच्या केंद्रस्थानी. १८६१ ला लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’, पुढे त्यांचीच ‘रत्नप्रभा’, मग रिसबुडांची ‘मंजुघोषा’. सगळ्या नायिकाच. पण बंगालीत ‘दुर्गेशनंदिनी’ आणि ‘कपालकुंडला’, हिंदीत ‘चंद्रकांता’, मलयाळममध्ये १८८७ ची ‘कुंदलता’ आणि १८८९ ची ‘इंदुलेखा’, कन्नडात १८९९ ची ‘इंदिराबाई’. शब्द उपन्यास असो, नॉव्हेल असो की कादंबरी, पहिल्या पिढीच्या लेखकांनी मुखपृष्ठावर बाईचे नाव घातले. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, बालविवाह हे त्या काळाचे धगधगते प्रश्न होते आणि नवा प्रकार त्या प्रश्नांतून वर आला. तेव्हा नावाचा परिणाम आपण समजतो त्याहून कमी आणि काळाचा परिणाम जास्त. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधली यमुना बाणाच्या गंधर्वलोकातून आलेली नाही, ती पुण्यातल्या वाड्यातून आली.

राहिला इंग्रजी शब्द. उर्दूने आणि पंजाबीने तो ‘नॉवेल’चा ‘नाविल’, ‘नावल’ करून सरळ घेतला. गुजरातीने त्याला देशी अंगरखा चढवला, नवलकथा. १८६६ ची नंदशंकर मेहतांची ‘करण घेलो’ ही तिथली पहिली. तेलुगूने ‘नवल’ केले. आपल्याला वाटते, आपला आश्चर्यवाचक नवल तो हाच. आणि या बाबतीत कानाला वाटते ते चुकीचे नाही. मराठी नवल ‘नव’ या शब्दातून आलेले, इंग्रजी ‘नॉव्हेल’ इटालियनमार्गे लॅटिनच्या ‘नोवुस’ या शब्दातून. आणि ‘नव’ व ‘नोवुस’ या दोघांचा पूर्वज एकच आहे. हजारो वर्षांपूर्वी वाटा फुटलेल्या दोन शब्दांची गाठ अहमदाबादच्या आणि राजमहेंद्रीच्या छापखान्यांत पडली.

तमिळमध्ये मात्र कानावर विश्वास ठेवू नये. तिथेही कादंबरीला ‘नावल’ म्हणतात. पण तमिळमध्ये ‘नावल’ हा शब्द कितीतरी जुना आहे आणि त्याचा अर्थ जांभूळ. आपण ज्याला जंबुद्वीप म्हणतो, त्याला जुन्या तमिळमध्ये ‘नावलंतीवु’ म्हणतात, जांभळांचे बेट. शिवाय ‘ना’ म्हणजे जीभ, आणि वाणीवर प्रभुत्व असलेला तो ‘नावलर’; जाफन्याचे आरुमुग नावलर याच पदवीने ओळखले जातात. म्हणजे फळ, वक्तृत्व आणि कादंबरी, उच्चार जवळपास एक, मुळे तीन, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पुढे शुद्ध तमिळच्या आग्रहातून ‘पुदिनम’ हा शब्दही आला. त्यातला ‘पुदु’ म्हणजे नवे. ‘नॉव्हेल’चाच अर्थ, पण आपल्या मुळावर.

गोव्यात तर एकाच कोकणी भाषेत दोन नावे नांदतात. पोर्तुगीजमध्ये कादंबरी म्हणजे ‘रोमान्स’. फ्रांसिस्कु लुईश गोमिश यांनी १८६६ मध्ये ‘उश ब्रामनेश’ लिहिली ती त्या भाषेत आणि त्या नावाने. रोमी लिपीतल्या कोकणीने तोच शब्द ‘रोमांस’ म्हणून घेतला, आणि गोव्यातले खलाशी, मुंबईच्या कुडांत, म्हणजे सामाईक निवासांत, राहणारे गोवेकर अशा वाचकांसाठी कितीतरी ‘रोमांशी’ छापल्या गेल्या. देवनागरीतल्या कोकणीने मराठीच्या शेजारामुळे ‘कादंबरी’ घेतला. दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ ही कादंबरी. रोमी लिपीत लिहिणाऱ्याचा वारसा लिस्बनकडून येतो, देवनागरीत लिहिणाऱ्याचा बाणभट्टाकडून. आणि दोघांची आई घरात एकच कोकणी बोलते.

आता हे सगळे वाङ्मयाच्या अभ्यासकापुरते आहे, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगून मी थांबणार आहे.

आपल्या संविधानाच्या ३५१ व्या अनुच्छेदात हिंदीच्या शब्दसंपत्तीसाठी मुख्यतः संस्कृतावर आणि दुय्यमतः इतर भाषांवर भिस्त ठेवावी असे सांगितले आहे. १९६१ मध्ये वैज्ञानिक आणि तांत्रिक परिभाषेसाठी केंद्राने आयोग नेमला. या साऱ्यामागे एक सद्हेतू होता : शब्द संस्कृत असला की तो काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत समजेल. उपन्यासाची हकिगत या आशेला उत्तर देते. शब्द सगळीकडे ओळखीचा वाटतो खरा, पण समजतो वेगवेगळा. परका शब्द आला तर माणूस थबकतो, कोश उघडतो. ओळखीचा शब्द दिसला की तो थांबत नाही, आपलाच अर्थ घेऊन पुढे जातो.

कादंबरीच्या जागी व्याख्यान समजले तर फार नुकसान होत नाही. पण विज्ञानाच्या पुस्तकात काय होते ते पाहा. मराठी माध्यमाच्या मुलाला शिकवतात की मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणू, आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. हिंदीत त्याच सर्वांत लहान कणाला परमाणु म्हणतात आणि परमाणु एकत्र येऊन होतो तो अणु. बंगालीतही तसेच. मराठीत अणुऊर्जा, हिंदीत परमाणु ऊर्जा. मराठी शाळेतून हिंदी पाठ्यपुस्तकाकडे गेलेला मुलगा ‘अणु’ हा शब्द वाचतो, तो त्याला पक्का येतो, आणि म्हणूनच तो संपूर्ण प्रकरण चुकीचे समजून घेतो. पाण्याच्या एका अणूत तीन परमाणु असतात, हे हिंदीतले अगदी बरोबर वाक्य त्याला अशक्य वाटते. दोष मुलाचा नाही, शिक्षकाचा नाही, आणि संस्कृताचा तर मुळीच नाही. हा शब्द शेजारी कोणत्या अर्थाने राहतो, हे त्याला कुणी सांगितले नाही.

सोलापुरात हे सांगणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. हे गाव सिद्धरामेश्वरांचे, ज्यांची वचने कन्नडात आहेत, तेलंगणातून येऊन माग चालवणाऱ्या पद्मशाली घरांचे, मराठीचे, उर्दूचेही. इथले मूल अंगणात एक भाषा बोलते, दुकानात दुसरी आणि शाळेत तिसरी. एवढे भांडवल पुण्याजवळही नाही, मुंबईत असले तर विखुरलेले आहे. आणि तरीही मराठी-कन्नड, मराठी-तेलुगू अशा जोड्यांमधल्या फसव्या शब्दांचा, म्हणजे रूप एक आणि अर्थ वेगळा अशा शब्दांचा, शाळेच्या मुलाच्या हातात देता येईल असा लहानसा कोश मला कुठे मिळाला नाही.

म्हणून मी विश्वस्तांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. देवघेवीच्या टेबलाजवळ उद्यापासून एक रजिस्टर ठेवलेले असेल. त्यात पाच रकाने आखले आहेत : शब्द, मराठी अर्थ, आपल्या घरच्या भाषेतला अर्थ, वाक्यात उपयोग आणि शेरा. आपली भाषा कन्नड असो, तेलुगू, उर्दू वा हिंदी, असा एखादा शब्द आठवला की नोंद करा; लिपी आपली वापरा, उच्चार देवनागरीत द्या. घरातल्या आजीला विचारा, तिच्याकडे आपल्याहून जास्त शब्द असतील. नोंदी तपासायला या भाषांतले जाणकार शिक्षक तयार आहेत. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेच्या सुमारास जेवढे जमले असेल तेवढे छापू, आणि शाळांना मोफत देऊ. पहिली नोंद ‘उपन्यास’ ही आहे आणि तिच्या शेऱ्याच्या रकान्यात अण्णांचा शेरा जसाच्या तसा उतरवून घेतला आहे. दुसरी ओळ रिकामी आहे.